पंचनामा एका क्रॅशचा

आयटीतल्या माणसाला "सर्व्हर पडला" हे वाक्य काही नवीन नाही. पण पडण्यातही प्रकार असतात. ते प्रकार न बघताच आपण बऱ्याचदा "कोणामुळे पडला?" या प्रश्नावर उडी मारतो. तिथून पुढे जे काही होतं त्याला ट्रबलशूटिंग म्हणत नाहीत, त्याला भावकीतलं भांडण म्हणतात.

आजचा लेख अशाच एका डेटाबेस सर्व्हरबद्दल. २०२२ च्या मार्चमधली गोष्ट. क्लायंटचं नाव सांगत नाही, आणि ज्या इंजिनाने घोळ घातला त्याचंही नाही. टीममधला जो ज्युनिअर डीबीए यात भरडला गेला त्याला आपण बंड्या म्हणू.

आधी थोडी पार्श्वभूमी. डेटाबेसवाल्यांनी हे दोन-तीन परिच्छेद गाळले तरी चालतील.

मायएसक्यूएलची रचना जरा वेगळी आहे. समजा, एक मंगल कार्यालय आहे. दारात स्वागत करणारे, पानं मांडणारे, काय वाढायचं ते विचारणारे सगळे कार्यालयाचे. आचारी मात्र बाहेरचा. तुम्हाला हवा तो आणा. मायएसक्यूएलमध्ये तुमची क्वेरी घेणं, तिचं व्याकरण तपासणं, कुठल्या क्रमाने टेबलं वाचायची ते ठरवणं, हे वरचा थर करतो. प्रत्यक्ष डिस्कवर डेटा लिहिणं-वाचणं, इंडेक्स सांभाळणं, लॉक लावणं हे काम स्टोरेज इंजिनाचं. दोघांमधला करार म्हणजे हँडलर नावाचा एक इंटरफेस: पुढची ओळ दे, ही ओळ लिही, ही पुसून टाक. वरच्याला आत काय शिजतंय याच्याशी देणंघेणं नाही.

एकाच डेटाबेसमध्ये एक टेबल एका इंजिनात आणि दुसरं दुसऱ्या इंजिनात ठेवता येतं. मायआयसॅम, इनोडीबी, मेमरी, आर्काइव्ह, सीएसव्ही. ब्लॅकहोल नावाचंही एक आहे, ते जे द्याल ते निमूट घेतं आणि काहीच साठवत नाही. (सरकारी कचेरीत अर्ज टाकल्याचा अनुभव असणाऱ्यांना वेगळं समजवायला नको :) ) नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या ५.१ या आवृत्तीपासून तर इंजिन चालू सर्व्हरमध्ये प्लगिन म्हणून बसवायची सोय झाली. एक 'इन्स्टॉल प्लगिन' कमांड दिली की काम झालं. यामागे थोडं राजकारणही होतं. ट्रान्झॅक्शन सांभाळणारं सगळ्यात दमदार इंजिन म्हणजे इनोडीबी, ते फिनलंडच्या हाइकी टूरी यांच्या इनोबेस कंपनीचं. ऑक्टोबर २००५ मध्ये ऑरॅकलने ती कंपनीच विकत घेतली. आपला आचारी समोरच्या कार्यालयाने उचलल्यावर जे होईल तेच झालं, दुसऱ्या आचाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. फाल्कन आलं आणि कधी पूर्ण झालंच नाही. पुढे टोकूडीबी, मायरॉक्स अशी बाहेरची चांगली इंजिनं आली. २०१० मध्ये सन कंपनीसोबत खुद्द मायएसक्यूएलही ऑरॅकलकडे गेलं, त्याच वर्षीच्या ५.५ पासून इनोडीबी डिफॉल्ट झालं आणि ती शर्यत बरीचशी थंडावली.

या सोयीत एक गोष्ट मात्र लोक विसरतात. आचारी बाहेरचा असला तरी मुदपाकखाना कार्यालयाच्या आतच असतो. इंजिनाची 'डॉट एसओ' फाइल सर्व्हरच्याच प्रोसेसमध्ये लोड होते. मध्ये भिंत नाही. इंजिनाने चुकीच्या मेमरी पत्त्यावर हात घातला तर ऑपरेटिंग सिस्टिम इंजिनाला नाही, अख्ख्या सर्व्हरला मारते. ज्या टेबलांचा त्या इंजिनाशी काडीचा संबंध नाही ती वाचणारेही सगळे एका क्षणात बाहेर.

तर आता मूळ गोष्ट.

क्लायंटकडे मायएसक्यूएल ५.७ होतं. रोजचे व्यवहार इनोडीबीत, आणि जुन्या नोंदींची अवाढव्य टेबलं एका छोट्या कंपनीच्या प्लगिन इंजिनात, कारण ते डेटा चांगला दाबून ठेवायचं आणि डिस्क वाचायची. दोन वर्षं सुरळीत चाललं होतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री सर्व्हर पडायला लागला. रोज नाही. आठवड्यातून तीनदा, कधी दोनदा. सिस्टिमडी लगेच परत उभा करायचा, इनोडीबी आपलं रिकव्हरीचं काम करायचं, आणि सात-आठ मिनिटांत सगळं पूर्ववत. पण ती सात-आठ मिनिटं मार्चअखेरच्या रात्रीची होती, आणि क्लायंटचे हिशेबवाले तेव्हा जागेच असतात.

एरर लॉग उघडला की नेहमीचा मजकूर: सर्व्हरला सिग्नल ११ मिळाला, हा बग असू शकतो, बायनरी खराब असू शकते, हार्डवेअरही असू शकतं. (म्हणजे काहीही असू शकतं. आमच्याकडचे ज्योतिषी याहून नेमकं सांगतात.) त्याखाली स्टॅक ट्रेस. आणि सगळ्यात शेवटी, पडताना तो थ्रेड जी क्वेरी चालवत होता ती क्वेरी.

प्रत्येक वेळी ती क्वेरी एकच होती. रात्रीच्या रिपोर्टची. आणि ती बंड्याने लिहिलेली होती. शिवाय त्याच आठवड्यात क्लायंटने मागितलं म्हणून त्याने तिच्यात एक जॉइन वाढवला होता.

झालं. आमच्या मॅनेजरसाहेबांना याहून जास्त पुरावा नको होता. "क्वेरी बदलली, सर्व्हर पडला. अजून काय बघायचंय?" दुसऱ्या दिवशी मेल गेला. चौदा जण सीसीमध्ये, क्लायंटचे चार धरून. मूळ कारण: न तपासता टाकलेली क्वेरी. बंड्याचं नाव थेट नव्हतं, पण 'रिपोर्टिंग डीबीए' टीममध्ये एकच होता. एप्रिलमध्ये अप्रेझल. पोरगा नगरहून आलेला, पहिलीच नोकरी, प्रोबेशन नुकतंच संपलेलं. त्याने दोन दिवस डबाही नीट खाल्ला नाही.

मला त्या मेलमधली एक गोष्ट खटकत होती. एसक्यूएल क्वेरी कितीही वाईट लिहिली तरी तिने सर्व्हर हळू व्हावा, मेमरी खावी, डिस्क भरावी. क्वेरी म्हणजे शेवटी मजकूर. मजकुराने प्रोसेस मरत असेल तर मजकूर वाचणाऱ्यात दोष आहे. एखाद्या पाहुण्याने सलग चौथ्यांदा जिलबी मागितली आणि कार्यालयाचं छत कोसळलं, तर पाहुण्याला हावरट जरूर म्हणा, पण बांधकाम तपासायला नको?

म्हणून मी आणि बंड्या पहिल्यापासून बसलो.

पहिला प्रश्न: मरण कुठल्या प्रकारचं? सिग्नल ९ असेल तर बाहेरून कोणीतरी मारलंय, बहुतेक वेळा लिनक्सच्या ओओएम किलरने मेमरी संपली म्हणून. तसं असेल तर कर्नलच्या लॉगमध्ये नोंद सापडते. सिग्नल ६ म्हणजे सर्व्हरने किंवा इंजिनाने स्वतःहून हाय खाल्ली, "हे असं असणं शक्यच नाही" असं आतल्या एखाद्या तपासणीने म्हटलं आणि जीव दिला. सिग्नल ११ म्हणजे नको त्या पत्त्यावर हात. आमचा ११. मेमरीची चर्चा तिथेच संपली.

दुसरा: स्टॅक ट्रेस खालून वर वाचायचा. तळाला थ्रेड सुरू झाला, मग कनेक्शन, मग कमांड, क्वेरीचं पार्सिंग, सिलेक्टची अंमलबजावणी, मग हँडलरचं 'पुढची ओळ दे'. आणि सगळ्यात वरच्या दोन ओळींत त्या इंजिनाची एसओ फाइल, पुढे नुसते हेक्साडेसिमल आकडे. सिम्बॉल काढून टाकलेली बायनरी होती. म्हणजे पडला तेव्हा पाय इंजिनाच्या अंगणात होता एवढं नक्की. इंजिनवाल्या कंपनीला कळवलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं: आमच्या इतर ग्राहकांकडे असं होत नाही, तुमची क्वेरी तपासा.

तिसरा प्रयोग ऑफिसात केला. त्याच आवृत्तीचा सर्व्हर, त्याच आवृत्तीचं इंजिन, तेवढाच बनावट डेटा, बंड्याची तीच क्वेरी. वीस वेळा चालवली. एकदाही पडलं नाही. साहेब म्हणाले, "बघा, म्हणजे क्लायंटकडे लोड जास्त आहे, त्यात तुमची ही क्वेरी." त्यांचं बरं असतं, कुठलाही निकाल आला तरी निष्कर्ष तोच.

मग कोअर डम्प घ्यायचं ठरलं. मरताना प्रोसेसच्या मेमरीत काय होतं त्याचा पूर्ण फोटो. सांगायला सोपं आहे, पण मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी 'कोअर फाइल' हा पर्याय लावावा लागतो, सिस्टिमडीची कोअरच्या आकाराची मर्यादा काढावी लागते, आणि सर्व्हर रूट म्हणून सुरू होऊन मग आपला युजर बदलत असेल तर कर्नलची 'एसयूआयडी डम्पेबल' सेटिंगही बदलावी लागते. ५.७ मध्ये कोअरबरोबर अख्खा बफर पूलही येतो. फाइल चाळीस जीबीच्या वर. आणि तिच्यात क्लायंटच्या ग्राहकांचा खराखुरा डेटा, त्यामुळे ती तिथून हलवायची नाही. क्लायंटच्याच ऑफिसात एका कोपऱ्यातल्या मशीनवर बसून बघायची. इंजिनवाल्यांनी पाच-सहा मेलनंतर डीबग सिम्बॉल तेवढे पाठवले.

जीडीबीत कोअर उघडला. आता एसओ फाइलच्या हेक्साडेसिमल आकड्यांच्या जागी फंक्शनची नावं दिसायला लागली. सगळ्यात वरचं फंक्शन डेटा वाचणारं नव्हतंच! इंजिनाचा स्वतःचा एक छोटा लॉग होता. एखाद्या स्कॅनला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागला की त्या थ्रेडची क्वेरी आपल्या फायलीत लिहून ठेवायची, एवढंच त्याचं काम. त्यासाठी ते सर्व्हरच्या थ्रेड ऑब्जेक्टमधून क्वेरीचा पॉइंटर वाचत होतं. आणि त्या पॉइंटरची किंमत होती ४१७.

आजूबाजूचे सगळे पॉइंटर सात-एफने सुरू होणारे लांबलचक, आणि हा एवढासा ४१७. हा मेमरीचा पत्ता नाहीच, हा कसला तरी मोजलेला आकडा आहे. पत्त्याच्या जागी आकडा म्हणजे मेमरी विस्कटलेली नसते, बघणारा चुकीच्या खणात बघत असतो.

हे जरा समजावून सांगतो. सी++ मध्ये एखाद्या ऑब्जेक्टमधला अमुक घटक म्हणजे सुरुवातीपासून अमुक इतक्या बाइटवर, हे कंपाइल करताना ठरतं. आचाऱ्याला कोणीतरी सांगून ठेवलंय, फडताळात डावीकडून पाचवा डबा साखरेचा. तो डब्यावरची चिठ्ठी वाचत नाही, सरळ पाचव्यात हात घालतो. पण मध्यंतरी कोणी सुरुवातीला एक नवीन डबा सरकवला असेल तर सगळे डबे एकेक घर पुढे गेले, आणि पाचवा आता मिठाचा झाला.

म्हणजे कोणीतरी डबा सरकवला होता. क्लायंटच्या मशीनवरच्या सर्व्हर बायनरीचा चेकसम काढला आणि ऑफिसातल्या बायनरीशी ताडला. वेगळा! आवृत्तीचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत सारखा, बायनरी वेगळी. जुने चेंज रेकॉर्ड उकरल्यावर कळलं, की आधीच्या व्हेंडरने २०२१ मध्ये ऑडिटसाठी एक पॅच मारून सर्व्हर स्वतः कंपाइल केला होता. पॅचने थ्रेड ऑब्जेक्टमध्ये एक घटक वाढवला होता. इंजिनाची फाइल मात्र मूळ, साध्या सर्व्हरसाठी बांधलेलीच राहिली.

इथे तुम्ही म्हणाल, मायएसक्यूएल हे तपासत नाही का? तपासतं की. स्टोरेज इंजिनाच्या बाबतीत तर फार कडक, ५.७ च्या एका छोट्या रिलीजसाठी बांधलेलं इंजिन त्याच्या पुढच्या रिलीजवर चढत नाही. पण तपासतं ते आवृत्तीचा आकडा. दारावरची पाटी तीच, म्हणून घर तेच. आत भिंत पाडून न्हाणीघर हलवलंय हे पाटीवरून कसं कळणार? डीबग आणि रिलीज अशा दोन वेगळ्या पद्धतींनी कंपाइल केलेल्या फायली एकत्र आणल्या तरी हेच होतं, तिथेही आकडा सारखाच असतो. म्हणून तर इंजिन त्याच सोर्सवर, त्याच पर्यायांनी कंपाइल करा असं बजावलेलं असतं. आणखी एक, क्वेरी मिळवायला सर्व्हरने रीतसर फंक्शन दिलेलं आहे. ते वापरलं असतं तर सर्व्हरने स्वतःच बरोबर डबा काढून दिला असता. इंजिनवाल्यांनी शॉर्टकट मारला होता.

आता सगळं जुळलं. रिपोर्ट दोन वर्षं सात-आठ मिनिटांत संपायचा, म्हणून त्या लॉगच्या वाटेला कोणी कधी गेलंच नाही. जुन्या नोंदी वाढत होत्या, त्यात मार्चमध्ये एक जॉइन वाढला, आणि रिपोर्टने दहा मिनिटं ओलांडली. सरकलेल्या डब्यात कधी शून्य असायचं, तेव्हा इंजिन "क्वेरी नाही" समजून पुढे जायचं, म्हणून रोज पडत नव्हता. आणि ऑफिसात वीस वेळा का पडला नाही? तिथे आम्ही रेपॉझिटरीमधला साधा सर्व्हर टाकला होता. तिथे सगळे डबे जागेवर होते.

खात्री करायला तीन मशीन लावल्या. पहिली: पॅचवाला सर्व्हर आणि ते इंजिन. दुसरी: पॅचवाला सर्व्हर, पण टेबलं इनोडीबीत. (रेप्लिकेशनमध्ये ही मोठी सोय आहे, मास्टरवर टेबल एका इंजिनात आणि रेप्लिकावर दुसऱ्यात ठेवता येतं.) तिसरी: साधा सर्व्हर आणि ते इंजिन. तिन्हीकडे क्वेरी मुद्दाम दहा मिनिटांच्या पुढे रेंगाळवली. पहिली पडली, उरलेल्या दोन्ही उभ्या राहिल्या. म्हणजे सर्व्हर एकटा चालतो, इंजिन एकटं चालतं, दोघांचं एकत्र नांदणं जमत नाही. अशी उदाहरणं आपल्या नात्यातही असतात, असो.

शनिवारी रात्री साधी बायनरी टाकली, ऑडिटचं काम दुसऱ्या मार्गाने लावलं. त्यानंतर त्या कारणाने सर्व्हर पडला नाही. पुढच्या तीन महिन्यांत जुनी टेबलं हळूहळू इनोडीबीत हलवली. डिस्क जास्त लागली. क्लायंटने कुरकुर न करता पैसे दिले, मार्चच्या त्या रात्री त्यांच्याही लक्षात होत्या.

या प्रकरणातून माझ्यापुरत्या ठरवलेल्या काही गोष्टी, कोणाला उपयोगी पडल्या तर बघा:

१. लॉगमधली शेवटची क्वेरी म्हणजे अपघाताच्या वेळी गाडीत बसलेला प्रवासी. त्याचा जबाब घ्या, त्याला लगेच आरोपी करू नका.

२. आधी सिग्नलचा आकडा बघा. ६, ९ आणि ११ या तीन वेगळ्या केस आहेत.

३. "आमच्याकडे चालतंय" हा शेवट नाही, तो पुरावा आहे. दोन्हीकडे वेगळं काय हे चेकसमपर्यंत जाऊन शोधा. आवृत्तीच्या आकड्यावर थांबू नका.

४. बाहेरचं इंजिन लावलं असेल तर ते कोणत्या सर्व्हरसाठी, कसं बांधलंय याची नोंद ठेवा. इंजिनामुळे सर्व्हर सुरूच होत नसेल तर 'स्किप ग्रँट टेबल्स' लावून उठवता येतो, कारण तेव्हा इन्स्टॉल केलेली प्लगिन लोड होत नाहीत. फक्त तेव्हा पासवर्डही विचारला जात नाही, म्हणून आधी नेटवर्क बंद करा.

५. निमित्त आणि कारण या दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. बंड्याचा जॉइन निमित्त होता. ही क्वेरी नसती तर सहा महिन्यांनी नुसत्या वाढत्या डेटाने तेच झालं असतं, फक्त तेव्हा नाव दुसऱ्या कोणाचं आलं असतं.

शेवटच्या मुद्द्याचं थोडं उरलंय. आमचा अहवाल आठ पानी झाला. मॅनेजरसाहेबांनी तो वाचला, "गुड वर्क" म्हणाले, क्लायंटला पाठवला. मूळ कारणाच्या रकान्यात आता बायनरी आणि प्लगिनचा विसंवाद असं लिहिलेलं होतं. मी मुद्दाम मोजलं, पहिला मेल चौदा जणांना गेला होता, हा चार जणांना. उरलेल्या दहांच्या डोक्यात आजही तो सर्व्हर क्वेरीनेच पडतोय. मी साहेबांना विचारलं, आधीच्याच मेलला रिप्लाय-ऑल करून हे टाकायचं का? ते म्हणाले, "जाऊ दे ना, कशाला परत तो विषय."

मग बंड्यानेच टाकलं. रिप्लाय-ऑल, चौदा जण, एक ओळ आणि सोबत अहवाल. साहेब दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. अप्रेझलमध्ये त्याला सरासरी रेटिंग मिळालं, तसं ते त्या वर्षी बहुतेकांना मिळालं. पण क्लायंटचा इन्फ्राचा माणूस पुढे काही अडलं की मॅनेजरला न विचारता थेट त्याला फोन करायला लागला.